वूस्टरहून शिकागोला

चांगले प्राध्यापक एखाद्या संस्थेत टिकतात ते कशामुळे? ‘पगारामुळे’ असे उत्तर चटकन येते. एका खाजगी विद्यापीठाची हकिगत वाचल्यावर मला ते अपुरे वाटू लागले.

अमेरिकेत वूस्टर येथे १८८९ साली क्लार्क विद्यापीठ सुरू झाले. पैसा जोनास क्लार्क या व्यापाऱ्याचा, अध्यक्ष मानसशास्त्रज्ञ स्टॅनली हॉल. हॉल यांनी फक्त पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन ठेवले. माणसेही तशीच निवडली : भौतिकीत मायकेलसन, प्राणिशास्त्रात व्हिटमन, रसायनशास्त्रात नेफ, मानवशास्त्रात बोआस. शिकवण्याचा भार हलका, संशोधनाला पूर्ण मोकळीक. आणखी काय हवे?

पण क्लार्क यांना हवे होते तरुण मुलांसाठी साधे कॉलेज. ते होईना, तसा त्यांनी हात आखडता घेतला. हॉल यांनी मात्र ही अडचण सहकाऱ्यांपासून दडवून ठेवली. कबूल केलेला पैसा मिळेना आणि का मिळत नाही तेही कळेना. अध्यक्षच आपल्याला फसवत आहेत, असे प्रत्येकाला वाटू लागले. (तुटपुंज्या पैशात प्रयोगशाळा चालते, पैसा येणार की नाही हेच सांगितले जात नसेल तर ती चालत नाही, हे आम्ही संशोधक जाणतो.) जानेवारी १८९२ मध्ये काही प्राध्यापकांनी, अध्यक्षांवर विश्वास उरला नाही म्हणून, राजीनामे पुढे केले.

त्याच वसंतात विल्यम हार्पर वूस्टरला आले. रॉकफेलर यांच्या पैशावर उभे राहणारे शिकागो विद्यापीठ ऑक्टोबरात उघडायचे होते. हार्पर यांनी घसघशीत पगार देऊ केले. शिवाय वर्षाची चार सत्रे पाडून प्राध्यापकाला एक सत्र मोकळे ठेवण्याची सोयही केली. क्लार्कमधील सुमारे दोन तृतीयांश अध्यापक निघून गेले, त्यांतले बरेच शिकागोला. मायकेलसन, व्हिटमन आणि नेफ त्यांत होते. १९०७ साली मायकेलसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातले अमेरिकेचे ते पहिले नोबेल, आणि मान शिकागोकडे गेला.

वूस्टरच्या भौतिकी विभागात मागे उरले तरुण वेबस्टर. १८९९ साली अमेरिकन फिजिकल सोसायटी स्थापन झाली ती त्यांच्या पुढाकाराने. आणि १९२६ साली द्रव इंधनाचे पहिले रॉकेट उडवणाऱ्या गॉडार्ड यांनी १९११ मध्ये डॉक्टरेट मिळवली, तीही याच विभागातून.