विस्कॉन्सिनमधील पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा शिकार हंगाम

विस्कॉन्सिनमधील पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा शिकार हंगाम हा अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात दरवर्षी सप्टेंबर ते जानेवारी या काळात चालणारा, कायद्याने नियंत्रित शिकारीचा कालावधी आहे. यातील नोव्हेंबर महिन्यातील नऊ दिवसांचा बंदूक हंगाम सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. राज्यात या हरणांची संख्या दहा लाखांहून अधिक असून बंदूक हंगामासाठी अलीकडच्या वर्षांत साडेपाच लाखांच्या आसपास परवाने विकले जातात. हंगामापूर्वी हरणांची संख्या, मागील हिवाळ्याची तीव्रता, अन्नाची उपलब्धता आणि रोगांचा प्रसार यांवरून आगामी हंगामाचा अंदाज बांधला जातो. या अंदाजावरच मादी हरणांच्या शिकारीचे कोटे ठरत असल्यामुळे तो शिकारी, शेतकरी, वनव्यवस्थापक आणि राज्य शासन या सर्वांच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो.

== प्राणी ==

पांढऱ्या शेपटीचे हरीण (शास्त्रीय नाव: ओडोकॉइलियस व्हर्जिनियानस) हे सारंग कुळातील हरीण आहे. त्याचा आढळ दक्षिण कॅनडापासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत आहे. धोका जाणवताच ते शेपूट उभारून तिची पांढरी खालची बाजू दाखवते. त्यावरून त्याला हे नाव पडले. नराची शिंगे भरीव असून दरवर्षी हिवाळ्यात गळतात व वसंत ऋतूपासून पुन्हा वाढू लागतात. कुरंग हरणांची (उदा. काळवीट) पोकळ शिंगे मात्र आयुष्यभर टिकतात.

विस्कॉन्सिनमध्ये या हरणांच्या माजाचा काळ ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धात शिगेला पोहोचतो. दिवसाची लांबी कमी होणे हे त्यामागील मुख्य कारण असल्यामुळे हा काळ दरवर्षी साधारण एकाच सुमारास येतो. गर्भधारणेचा काळ सुमारे २०० दिवसांचा असतो. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनपर्यंत पाडसे जन्मतात. चांगले पोषण मिळालेल्या मादीला बहुधा जुळी होतात.

== इतिहास ==

एकोणिसाव्या शतकातील अनिर्बंध व्यापारी शिकार आणि जंगलतोड यांमुळे १९०० च्या सुमारास संपूर्ण अमेरिकेत या हरणांची संख्या काही लाखांवर आली होती. १९०० साली संमत झालेल्या लेसी कायद्याने बेकायदेशीररीत्या मारलेल्या वन्यप्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. विस्कॉन्सिनने १८९७ मध्ये शिकारीसाठी परवाना आवश्यक केला आणि १९१५ पासून एका शिकाऱ्यास एकच नर मारण्याची मर्यादा घातली. १९२५ ते १९३५ या काळात हंगाम एक वर्षाआड बंद ठेवण्यात आला.

या संरक्षणाचा परिणाम अपेक्षेपेक्षा अधिक झाला. तोडलेल्या जंगलांच्या जागी उगवलेली कोवळी झाडे हे हरणांचे उत्तम खाद्य ठरले, तर लांडग्यांसारखे भक्षक जवळपास नष्ट झाले होते. १९४० च्या दशकापर्यंत उत्तरेकडील जंगलांत हरणांची संख्या चाऱ्याच्या क्षमतेपलीकडे गेली आणि हिवाळ्यात उपासमारीने मोठ्या प्रमाणावर मृत्यू होऊ लागले. वन्यजीवशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी मादी हरणांचीही शिकार करून कळप आटोक्यात आणावा, असे प्रतिपादन केले. त्यानुसार १९४३ मध्ये मादी व पाडसांच्या शिकारीस परवानगी देणारा हंगाम झाला आणि एक लाखाहून अधिक हरणे मारली गेली. मादी मारणे हे अनेक शिकाऱ्यांच्या परंपरागत धारणेविरुद्ध असल्यामुळे या निर्णयावर तीव्र टीका झाली. मादीच्या शिकारीविषयीचा हा मतभेद आजही राज्यातील प्रत्येक हंगामाच्या चर्चेत उमटतो.

१९३७ च्या पिटमन–रॉबर्टसन कायद्यानुसार शिकारीच्या बंदुका व दारूगोळ्यावरील अबकारी कराचे उत्पन्न राज्यांना वन्यजीव व्यवस्थापनासाठी दिले जाऊ लागले. हा निधी आणि परवाना शुल्क हे आजही राज्यांच्या वन्यजीव विभागांचे प्रमुख आर्थिक आधार आहेत.

== हंगामाची रचना ==

धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यास सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालतो. २०१४ पासून क्रॉसबोसाठी स्वतंत्र परवाना आहे. ऑक्टोबरमध्ये अल्पवयीन शिकाऱ्यांसाठी दोन दिवस राखीव असतात. नऊ दिवसांचा बंदूक हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि त्या सणानंतरच्या रविवारी संपतो. त्यानंतर नळीच्या तोंडातून दारू भरण्याच्या बंदुकांचा दहा दिवसांचा हंगाम आणि पुढे केवळ बिनशिंगी हरणांसाठीचा चार दिवसांचा हंगाम असतो. येथे ‘बिनशिंगी’ या संज्ञेत मादी आणि पाडसे यांचा समावेश होतो.

१ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीस परवाना घेण्यापूर्वी सामान्यतः शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. बंदूक हंगामात कमरेवरील बाह्य वस्त्रांपैकी किमान निम्मा भाग झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंगाचा असणे बंधनकारक आहे. गुलाबी रंगास २०१६ मध्ये मान्यता मिळाली. हरीण मारल्यावर दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत त्याची नोंद करावी लागते. २०१५ पासून ही नोंदणी दूरध्वनीवरून अथवा इंटरनेटद्वारे होते.

== हंगामपूर्व अंदाज ==

=== कळपाच्या संख्येचे अनुमान ===

जंगलातील हरणे प्रत्यक्ष मोजणे शक्य नसल्याने विस्कॉन्सिनचा नैसर्गिक संसाधन विभाग ‘लिंग–वय–शिकार’ या गणिती पद्धतीचा आधार घेतो. मारलेल्या नरांच्या दातांच्या झिजेवरून त्यांचे वय ठरवले जाते. प्रौढ नरांमध्ये दीड वर्षाच्या नरांचे प्रमाण जितके जास्त, तितका नरांचा वार्षिक मृत्युदर अधिक असतो. या मृत्युदरावरून हंगामापूर्वी किती नर असावेत हे काढले जाते. त्यास मादी–नर प्रमाणाने गुणून माद्यांची, आणि मादीमागे दिसलेल्या पाडसांच्या सरासरीने पाडसांची संख्या मिळते.

काल्पनिक उदाहरण घ्यायचे झाल्यास, एखाद्या काउंटीत १,००० प्रौढ नर मारले गेले आणि ते एकूण प्रौढ नरांच्या ४० टक्के होते, तर हंगामापूर्वी २,५०० नर होते असे ठरते. नरामागे दीड मादी धरल्यास माद्या ३,७५० होतात. मादीमागे एक पाडस धरल्यास पाडसेही ३,७५० होतात आणि एकूण कळप १०,००० चा ठरतो.

या पद्धतीची मर्यादा तिच्या पायातच आहे. वाईट हवामानामुळे शिकार कमी झाली किंवा मोठ्या शिंगांच्या प्रतीक्षेत शिकाऱ्यांनी लहान नर सोडून दिले, तर कळप प्रत्यक्षात न घटताही आकडा घटतो. त्यामुळे उन्हाळ्यातील पाडसांची निरीक्षणे आणि स्वयंसेवकांनी जंगलात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांची छायाचित्रेही विचारात घेतली जातात.

=== हिवाळ्याची तीव्रता ===

उत्तर भागाच्या अंदाजात मागील हिवाळा निर्णायक असतो. १ डिसेंबर ते ३० एप्रिल या काळात जमिनीवर किमान १८ इंच (सुमारे ४५ सें.मी.) बर्फ असलेल्या प्रत्येक दिवसास एक गुण आणि किमान तापमान शून्य अंश फॅरनहाइट (सुमारे −१८° सेल्सियस) किंवा त्याखाली गेलेल्या प्रत्येक दिवसास एक गुण दिला जातो. एकाच दिवशी दोन्ही गोष्टी घडल्यास दोन गुण होतात.

{| class="wikitable"
! एकूण गुण !! हिवाळ्याचे वर्गीकरण
|-
| ५० पेक्षा कमी || सौम्य
|-
| ५० ते ७९ || मध्यम
|-
| ८० ते ९९ || तीव्र
|-
| १०० व अधिक || अतितीव्र
|}

खोल बर्फात हरणे सदाहरित वृक्षांच्या दाट आसऱ्याला एकत्र जमतात. तेथील चारा संपल्यावर ती शरीरातील चरबीवर जगतात. अतितीव्र हिवाळ्यानंतर आधीच्या वर्षीची पाडसे मोठ्या संख्येने मरतात. जगलेल्या माद्यांना अशक्त पिल्ले होतात आणि पुढील हंगामात दीड वर्षाचे नर कमी दिसतात. २०१३–१४ च्या अतितीव्र हिवाळ्यानंतर उत्तरेतील अनेक काउंट्यांत बिनशिंगी हरणांची शिकार जवळपास थांबवण्यात आली होती. याउलट सलग सौम्य हिवाळ्यांनंतर कळप झपाट्याने वाढतो. दक्षिणेकडील शेतीप्रदेशात मका व सोयाबीनमुळे अन्न मुबलक असल्याने हिवाळ्याचा परिणाम तुलनेने अल्प असतो.

=== अन्न, पिके आणि हवामान ===

ओक वृक्षांची फळे हे हरणांचे शरद ऋतूतील आवडते खाद्य आहे. पांढऱ्या ओकची फळे एका वर्षात, तर लाल ओकची दोन वर्षांत पक्व होतात. त्यामुळे फळांचे प्रमाण वर्षागणिक बदलते. फळे भरपूर असल्यास हरणे जंगलातच राहतात आणि शेताच्या कडेला बसणाऱ्या शिकाऱ्यांना ती कमी दिसतात. याचा अर्थ कळप घटला असा होत नाही. पावसामुळे मक्याची काढणी लांबल्यास उभ्या पिकात हरणांना लपण्यास जागा मिळते आणि शिकार घटते.

बंदूक हंगामाचा पहिला दिवस १७ ते २३ नोव्हेंबर यांदरम्यान येतो. हंगाम लवकर सुरू झाल्यास तो माजाच्या काळाच्या अधिक निकट असतो. नर दिवसाही हिंडत असल्याने शिकार वाढण्याची शक्यता असते. उशिरा सुरू झाल्यास उलट परिणाम संभवतो. ताज्या बर्फाच्या पातळ थरावर माग काढणे सोपे जाते. जोराचा वारा, पाऊस किंवा अवेळी उष्मा असल्यास हरणे व शिकारी दोघांचीही हालचाल मंदावते. वार्षिक शिकारीचा मोठा वाटा सुरुवातीच्या शनिवार–रविवारी होत असल्याने त्या दोन दिवसांचे हवामान संपूर्ण हंगामाचा आकडा बदलू शकते.

=== रोग ===

हरणांतील दीर्घकालीन क्षयकारी रोग हा दक्षिण विस्कॉन्सिनच्या अंदाजातील सर्वांत चिंताजनक घटक आहे. प्रायॉन या विकृत प्रथिनांमुळे होणारा हा मेंदूचा रोग नेहमी प्राणघातक ठरतो. १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत तो प्रथम दिसला. विस्कॉन्सिनमध्ये त्याची नोंद फेब्रुवारी २००२ मध्ये झाली. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील ही पहिलीच नोंद होती. प्रायॉन मातीत अनेक वर्षे टिकतात आणि रोगग्रस्त हरीण दीर्घकाळ निरोगी दिसते. रोग आढळलेल्या काउंटीत, तसेच त्याच्या दहा मैलांच्या परिघातील काउंटींमध्ये, हरणांना आमिष वा खाद्य घालण्यास ठरावीक वर्षांपुरती बंदी येते. माणसाला हा रोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित हरणाचे मांस खाऊ नये, असा सार्वजनिक आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. शिकारीनंतर लसिका ग्रंथींचा नमुना देऊन विनामूल्य तपासणी करून घेण्याची सोय राज्यात आहे.

दुसरा रोग म्हणजे विषाणूजन्य रक्तस्रावी ताप. लहान चावऱ्या माश्यांमार्फत तो उन्हाळ्याच्या अखेरीस पसरतो. ताप आलेली हरणे पाण्याकडे धाव घेतात आणि बहुधा नदी–तळ्यांच्या काठी मृत आढळतात. पहिल्या कडक हिमतुषारानंतर माश्या मरतात व साथ थांबते. हा रोग स्थानिक असल्याने शेजारच्या दोन गावांतील शिकाऱ्यांचा अनुभव एकाच हंगामात अगदी भिन्न असू शकतो.

== कोटा निश्चिती ==

राज्याची उत्तरेकडील वनक्षेत्र, मध्य वनक्षेत्र, मध्य शेतीक्षेत्र आणि दक्षिण शेतीक्षेत्र अशा चार परिक्षेत्रांत विभागणी केली आहे. २०१२ मध्ये वन्यजीवशास्त्रज्ञ जेम्स क्रोल यांच्या अहवालाने व्यवस्थापनात स्थानिकांच्या सहभागाची शिफारस केली. त्यानंतर काउंटीनिहाय हरीण सल्लागार परिषदा स्थापन झाल्या. त्यांत शिकारी, शेतकरी, वनव्यवसाय, पर्यटन आदी क्षेत्रांचे प्रतिनिधी असतात. कळप वाढवावा, स्थिर ठेवावा की कमी करावा, हे उद्दिष्ट परिषद सुचवते आणि त्यानुसार बिनशिंगी हरणांच्या परवानगीपत्रांची शिफारस करते. सार्वजनिक व खाजगी जमिनींसाठी ही पत्रे वेगळी असतात.

उत्तर विस्कॉन्सिनमध्ये १८३७ व १८४२ च्या करारांनी दिलेल्या भूभागावर ओजिब्वे जमातींना राखीव क्षेत्राबाहेरही शिकारीचा हक्क आहे. १९८३ च्या न्यायालयीन निर्णयाने तो पुन्हा मान्य केला. त्यामुळे कोटा ठरवताना जमातींचा वाटा स्वतंत्रपणे विचारात घेतला जातो.

== मतभेद आणि आव्हाने ==

विभागाचा अंदाज संपूर्ण काउंटीचा असतो, तर शिकाऱ्याचा अनुभव त्याच्या मचाणासमोरील काही एकरांचा असतो. त्यामुळे कळप वाढल्याचे जाहीर झालेल्या वर्षीही ‘हरणे दिसत नाहीत’ अशी तक्रार होते. उत्तरेत काही शिकारी लांडगे व अस्वलांना दोष देतात. वन्यजीव अभ्यासक मात्र हिवाळा आणि जुन्या होत चाललेल्या जंगलातील घटता चारा यांकडेही लक्ष वेधतात. दक्षिणेत प्रश्न उलट आहे. तेथे हरणे अधिक आहेत, पण बहुतांश जमीन खाजगी असल्याने शिकाऱ्यांना प्रवेश मिळत नाही. अतिरिक्त हरणांमुळे पिकांचे नुकसान, वाहनांशी अपघात आणि जंगलातील कोवळ्या रोपांचा नाश होतो.

शिकाऱ्यांची घटती संख्या हे दीर्घकालीन आव्हान आहे. २००० च्या सुमारास बंदूक परवाने जवळपास सात लाख होते आणि त्या वर्षी सर्व हंगाम मिळून सहा लाखांहून अधिक हरणे मारली गेली. अलीकडे ही संख्या साधारण तीन लाखांच्या आसपास किंवा थोडी अधिक असते. जुनी पिढी निवृत्त होत असताना तरुणांचे प्रमाण अपुरे आहे. परिणामी कळपावरील नियंत्रण आणि वन्यजीव व्यवस्थापनाचा निधी दोन्ही कमकुवत होतात.

== भारतातील स्थितीशी तुलना ==

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हरणांच्या शिकारीस बंदी असून हंगामी शिकारीची पद्धत अस्तित्वात नाही. महाराष्ट्रात रानडुक्कर व नीलगाय यांच्यामुळे होणाऱ्या पीकनुकसानीच्या प्रकरणी वनविभागाच्या परवानगीने कारवाई करण्याची तरतूद आहे. मात्र ती अपवादात्मक उपाय म्हणून आहे. विस्कॉन्सिनमध्ये शिकार हेच कळपाच्या नियंत्रणाचे मुख्य साधन आहे.

== हे सुद्धा पहा ==

* सारंग हरीण
* कुरंग हरीण
* आल्डो लिओपोल्ड
* विस्कॉन्सिन
* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२