करार झिडकारला असे केव्हा म्हणावे?

आंब्याची बाग हंगामापुरती कराराने देण्याचा कोकणात प्रघात आहे. ठरल्या दिवशी हप्ता आला नाही की आपण चटकन म्हणतो, "त्याने करार मोडला." आम्हीही एकदा असेच म्हणालो. एका व्यापाऱ्याचा दुसरा हप्ता पंधरा दिवस लांबला, म्हणून रागाच्या भरात आम्ही बाग दुसऱ्यास दिली. अखेर भरपाई मोजावी लागली ती आम्हालाच! आम्ही वकील नव्हे, मॅट्रिक झालेले निवृत्त शिक्षक आहोत. परंतु ठेच लागल्यावर जे वाचले, ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य समजतो.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ३९ वे कलम याच प्रश्नाचे आहे. एका पक्षाने आपले वचन समग्र पाळण्यास नकार दिला, अथवा ते पाळण्यास स्वतःला असमर्थ करून घेतले, तर दुसऱ्यास करार संपविता येतो. मात्र त्याने शब्दाने वा वर्तनाने करार चालू ठेवण्यास संमती दिलेली नसावी. कायद्यातच गायिकेचा दाखला आहे. दोन महिने, आठवड्यातून दोन रात्री गाण्याचे तिने कबूल केले. सहाव्या रात्री ती जाणूनबुजून आली नाही. नाटकगृहाचा व्यवस्थापक करार संपवू शकतो. पण सातव्या रात्री त्याच्या संमतीने ती गायली, तर तो हक्क गेला. उरली फक्त सहाव्या रात्रीची भरपाई.

मुदतीपूर्वीच नकार आला तर? इंग्लंडात एका गृहस्थाने १ जून १८५२ पासून प्रवासात सोबतीस एक माणूस नेमला आणि ११ मे रोजी "तुमची गरज नाही" असे कळविले. त्या माणसाने जून उजाडण्याची वाट न पाहता दावा लावला. १८५३ साली न्यायालयाने तो ग्राह्य धरला.

आता आपल्या कोकणातलेच उदाहरण पाहू. गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथील वीजप्रकल्प खाडीपलीकडील दाभोळच्या नावाने गाजला. एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी तत्कालीन महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार केला. राज्यात सत्तांतर झाले आणि ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. हा तर उघड नकार! परंतु पुढे वाटाघाटी होऊन १९९६ साली सुधारित करार झाला आणि मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. गायिका सातव्या रात्री गायली, तसेच हे झाले.

पुढे महाग विजेची बिले थकू लागली. जानेवारी २००१ मध्ये ठरल्या वेळेत पूर्ण वीज दिली नाही, म्हणून मंडळाने कंपनीस ४०१ कोटींचा दंड आकारला. मे महिन्यात कंपनीने करार संपविण्याची प्राथमिक नोटीस दिली. मंडळाने यंत्रांच्या क्षमतेविषयी दिशाभूल झाल्याचे सांगून करारच रद्द ठरविला. दोघेही म्हणत, मोडणारा तो! वाद लवादापुढे चालावा की राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे, यावरच पुन्हा वेगळा झगडा झाला. प्रकल्प मात्र बंद पडला. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने दिवाळे काढले आणि २००५ साली स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे प्रकल्प गेला.

यातून आम्ही घेतलेला बोध थोडक्यात असा. विलंब म्हणजे नकार नव्हे. वेळ हाच कराराचा गाभा असल्यास गोष्ट निराळी. समोरचा खरोखरच सर्व वचन नाकारतो आहे काय, हे आधी लेखी विचारावे. तो नाकारत असेल, तर आपला निर्णय त्वरित व लेखी कळवावा. गप्प राहून पुढचा हप्ता घेतला, तर संमती दिल्यासारखे होते. आणि तो नाकारत नसताना आपणच करार संपविला, तर मोडणारे आपण ठरतो.

आमच्या बागेची कलमे यंदाही मोहरली आहेत. करार लिहून ठेवला आहे, आणि राग आवरण्यास शिकलो आहोत.