दाणा आला, रीत मागंच राहिली



परवा सुप्यात हायवेच्या ढाब्यावर चहाला थांबलो होतो. शेजारच्या टेबलावर पनीर चिली आलेली, बाहेर सोयाबीनचा टेम्पो मार्केटला निघालेला. चिलीत सोया सॉस, टेम्पोत सोयाबीन. पण सोयाबीनचं पनीर काही ताटात नव्हतं. हे असं का झालं, ते आज लिहितो.

सोयाबीनच्या पनीरला टोफू म्हणतात. मूळ चीनचं, पुढं कोरिया-जपानला गेलं. आपल्या एमआयडीसीत ज्या जपानी कंपन्यांसाठी वेगळं क्षेत्र राखलंय, त्यांच्या देशात 1782 साली ‘तोफू ह्याकुचिन’ नावाचं पुस्तक निघालं. त्यात टोफूच्या 100 पाककृती होत्या. कोरियात तर तळलेला कुरकुरीत टोफू लाल मिरचीच्या गोड-तिखट सॉसमध्ये घोळवतात.

आपल्याकडं सोयाबीनचा बोलबाला झाला तोही आधी खाण्यासाठीच. 1935 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी तिथल्या मंडळींच्या जेवणात सोयाबीन लावून पाहिलं आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं. 1936 मध्ये बडोदा संस्थानातले अधिकारी एफ. एस. काळे यांनी सोयाबीनची लागवड आणि आहारातला उपयोग यावर अख्खं पुस्तक काढलं.

तरी घराघरात काही ते रुजलं नाही. कारण आपण त्याला डाळीसारखं शिजवायला गेलो. सोयाबीन तुरीसारखं घोटलं जात नाही, आणि वासही उग्र. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, तो प्रथिनं पचू देत नाही. चिनी लोकांनी यावर तोडगा काढला होता : भिजवा, वाटा, उकळा, गाळा, नासवा. आपल्याकडं दाणा आला, ही रीत मागंच राहिली.

पुढं 1967 मध्ये सोयाबीनचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. 1994 ला जबलपूर विद्यापीठाचं जेएस-335 आलं. पुण्याच्या आघारकर संस्थेचे एमएसीएस वाण आले. आपल्या राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्रातून फुले संगम आलं. उत्पादन वाढलं, पण माल गेला तेलाच्या कारखान्यात. दाण्यात तेल 18-20 टक्के, प्रथिनं 40 टक्क्यांच्या आसपास. तेल आपल्या कढईत, अन् प्रथिनांची पेंड बहुतेक कोंबड्यांना. म्हणून भाव ठरतो तो तेल आणि पेंडीवर. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल, म्हणजे किलोला 53 रुपये. किलोभर दाण्यात साधारण दीड-दोन किलो टोफू होतो. पनीरच्या भावाशी तुम्हीच ताडून पाहा.

करायचं कसं? सोयाबीन रात्रभर भिजवा. सालं चोळून काढा. सात-आठपट पाणी घालून वाटा. वाटण मोठ्या पातेल्यात उकळी आल्यावर 15-20 मिनिटं मंद आचेवर ठेवा, फेस फार येतो, हलवत राहा. कपड्यातून गाळा. दूध पुन्हा तापवून खाली उतरवा, जरा निवलं की लिंबाचा रस थोडा थोडा टाका. फाटलं की कपड्यात बांधून तासभर वजनाखाली ठेवा.

मग चौकोनी तुकडे करून पुसून कोरडे करा. ओला टोफू तेलात उडतो आणि कुरकुरीतही होत नाही. मीठ लावा, मक्याच्या पिठात घोळवा, सोनेरी तळा. दुसऱ्या कढईत थोड्या तेलात लसूण परता, लाल तिखट, गूळ, चिंचेचा कोळ आणि चमचाभर सोया सॉस घाला. तार यायच्या आत तुकडे टाकून लगेच उतरवा. जास्त वेळ ठेवलं की मऊ पडतात. उरलेला चोथा भाकरीच्या पिठात मळा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पेरणीतून उरलेलं, औषध लावलेलं बियाणं खायला अजिबात घेऊ नका. ते धुऊनही चालत नाही. घरच्या खळ्यातला स्वच्छ, बुरशी नसलेला माल घ्या.

घरी टोफू केल्यानं बाजारभाव वाढणार नाही, हे मलाही कळतं. पण पारनेरच्या पठारावरचा मूग-वाटाणा आपण विकतोही आणि खातोही. सोयाबीन मात्र नुसतं विकतो. सगळं पोतं मार्केटला जायच्या आधी पाच किलो घरी ठेवून बघा. पोरांना आवडलं का, ते खाली लिहा.