खर्चाच्या वहीतला आकडा

मेहकर-लोणारच्या राखीव मतदारसंघात 2024 साली उमेदवाराला 40 लाखांपर्यंत खर्च करता येत होता. हिशेब निकालानंतर 30 दिवसांत द्यायचा. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही.

ही पळवाट जुनी. 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या खाती धरला. सरकारने लगेच वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ केला. अमेरिकेत तर 1976 च्या बकली खटल्यात सक्तीची खर्चमर्यादाच घटनाबाह्य ठरली.

उमेदवाराचा हिशेबही वादात सापडतो. 2009 मध्ये भोकरच्या निवडणुकीत वृत्तपत्रांची पानेच्या पाने तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाणांचे गुणगान करणाऱ्या ‘अशोकपर्व’ने भरली, पण त्यांनी दाखवलेला वृत्तपत्र-जाहिरातींचा खर्च 5,379 रुपये. पत्रकार पी. साईनाथांनी हे उजेडात आणले. निवडणूक आयोगाने 2014 मध्ये हिशेब सदोष ठरवला, पण दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पक्षांच्या खर्चालाही मर्यादा हवीच.