किती बिंदु पुरेसे?

फुगीर पिंपांत दारू किती मावते? केप्लरनें १६१५ सालीं या प्रश्नावर एक सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नांवानें ओळखला जाणारा नियम सोपा आहे : पिंपाचीं दोन टोकें व मध्य अशा तीन ठिकाणच्या छेदांचीं क्षेत्रफळें घ्यावीं, मधल्याची चौपट करावी आणि बेरजेस सहांनीं भागून उंचीनें गुणावें. चलराशीच्या वर्ग, घन इत्यादि घातांनीं बनलेल्या राशीस बहुपदी म्हणतात, आणि तींतील सर्वांत मोठा घात ती तिची कोटि. छेदाचें क्षेत्रफळ तिसऱ्या कोटीपर्यंतच्या बहुपदीनें बदलत असेल, तर हा नियम केसभरहि चुकत नाहीं.

पुढें न्यूटन व कोट्स यांनीं सारख्या अंतरांवर अधिक बिंदु घेऊन असेच नियम रचिले. गौसनें मात्र १८१४ मध्यें सारख्या अंतराचें बंधनच काढून टाकिलें. बिंदूचें स्थान व त्याचें महत्त्व या दोन्ही गोष्टी हातीं आल्यामुळें दोन बिंदूंत तिसरी कोटि, तीन बिंदूंत पांचवी, असा पल्ला वाढला. केप्लरच्या तीन मापांचें काम दोहोंत भागलें!

या काटकसरीची खरी किंमत विसाव्या शतकांत इंजिनियरांस कळली. धरणाची भिंत मनानें लहान लहान तुकड्यांत विभागावी, प्रत्येक तुकड्याचें वांकणें साध्या बहुपदीनें मांडावें, आणि तुकडे पुन्हा जोडून भिंतीवरील ताण काढावा, अशी ही पद्धति. १९६० सालीं क्लफ यांनीं तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हें नांव दिलें. १९६६ मध्यें आयर्न्झ यांनीं तुकड्यांचा ताठपणा निवडक बिंदूंवरील बेरजेनें काढण्याचें महत्त्व दाखविलें.

पण बिंदु किती घ्यावे? चौकोनी तुकड्याच्या मध्यावर एकच बिंदु घेतला, तर तुकडा वाळूच्या घड्याळासारखा पिळवटला तरी त्या बिंदूस त्याचा पत्ता लागत नाहीं. कागदावर भिंत विरोधच करीत नाहीं! उलट, बिंदु वाढविले कीं गणित फुगतें. घनाकार तुकड्यांत तिसऱ्या कोटीस ८ बिंदु पुरतात, दहाव्या कोटीस २१६ लागतात.

आज हा अदमास संगणकच बांधतो. २००३ मध्यें आरंभिलेल्या ‘फेनिक्स’ या प्रणालींत बेरजेस मोठी कोटि, गुणाकारास कोटींची बेरीज, असे नियम आहेत. तेथवर शास्त्र पक्कें आहे. परंतु भागाकार आला, किंवा ज्या-फलासारखें फल आलें, तर राशि बहुपदीच राहत नाहीं, व कोणतीहि कोटि संपूर्ण अचूक ठरत नाहीं. तेव्हां भागाकारासहि कोटींची बेरीज धरावी, ज्या-फलास दोन अधिक धराव्या, असा निव्वळ व्यवहारी संकेत पाळतात. राशि गुंतागुंतीची असली कीं हा अदमास भरमसाट वाढतो; म्हणूनच कोटि स्वतः ठरविण्याची मुभा वापरणारास ठेविलेली आहे.

तेव्हां सुज्ञ इंजिनियर दोन निरनिराळ्या कोटि घेऊन उत्तरें ताडून पाहतो. तीं जुळलीं तर कमी कोटि पुरे. न जुळलीं तर बिंदु वाढवावे. यंत्र अदमास सांगतें. तो पुरेसा आहे कीं नाहीं, याची जबाबदारी भिंत बांधणारावरच राहते.