बर्नडाउन आलेख

अजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत, चालणाऱ्या सॉफ्टवेअर प्रकल्पात किती काम उरले आहे, हे दिवसागणिक दाखवणारा आलेख. आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर शिल्लक काम, तासांत किंवा स्टोरी पॉइंटमध्ये (कामाच्या अंदाजी आकाराच्या एककात), मांडतात. दहा कामकाजी दिवसांच्या स्प्रिंटला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या टप्प्याला, ४० पॉइंटचे काम घेतले, तर ४० वरून शून्याकडे उतरणारी सरळ रेघ म्हणजे अपेक्षित गती. प्रत्यक्ष कामाची रेघ तिच्या वर राहिली की काम मागे पडले असे समजायचे. पॉइंट धरले असतील तर अर्धवट कामाचे काहीच वजा होत नाही. ‘नव्वद टक्के झालंय’ हे उत्तर इथे चालत नाही. आलेखाचे मोल त्यातच आहे.

स्क्रम या अजाइल कार्यपद्धतीच्या जनकांपैकी एक केन श्वाबर यांनी २००० च्या सुमारास तो प्रचारात आणला. स्क्रम मार्गदर्शिकेने २०११ मध्ये त्याची सक्ती काढली, तरी जिरासारख्या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालींत तो आजही तयार मिळतो.

रेघ बरेच दिवस आडवी राहून शेवटच्या दिवशी कोसळली, तर चाचणी अखेरपर्यंत लांबली असेल किंवा बोर्डावरील नोंदी एकदम उरकल्या असतील. फारच गुळगुळीत रेघही संशयास्पद. साहेबांना दाखवण्यासाठी आलेख काढला जाऊ लागला की आकडे शहाण्यासारखे वागू लागतात. मोठा दोष वेगळाच आहे. पाच पॉइंट संपले आणि ग्राहकाने पाच वाढवले, तर रेघ जागची हलत नाही आणि संघ रिकामा बसल्यासारखा दिसतो. बर्नअप आलेखात एकूण काम आणि झालेले काम अशा दोन रेघा असल्याने हा घोळ टळतो. काम नेमके कोणत्या टप्प्यावर तुंबले, हे कानबान या दुसऱ्या अजाइल पद्धतीतला संचयी प्रवाह आलेख दाखवतो: चाचणीचा पट्टा रुंदावत गेला, की अडचण तिथे.

नवीन पनवेलमधून ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत जाणाऱ्यांना हे आलेख रोजचे. त्यांच्या भोवतालच्या बांधकामांची प्रगती मात्र वेगळ्या रीतीने मोजली जाते. १ मे २०१७ पासून कार्यरत असलेल्या महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर विकसकाला दर तिमाहीला प्रकल्पाची माहिती अद्ययावत करावी लागते. तिथे कामनिहाय टक्केवारी असते, म्हणजे झालेल्या कामाचा हिशेब. ताब्याची तारीख जवळ आलेल्या ग्राहकाने लागोपाठच्या तिमाहींतली टक्केवारी शंभरातून वजा करून कागदावर मांडली, तर त्याचा बर्नडाउन आलेख घरबसल्या तयार होतो.