पुसलेल्या फिती आणि जपणारी बाई

बचत गटात आपण पहिल्यांदा काय शिकलो? वही जपायला. वही गेली की हिशेब गेला. आज आम्ही सांगणार आहोत ती हकिगत इंग्लंडमधली आहे, पण तीही जपण्याचीच.

मुलांचे जुने कार्यक्रम आज डीव्हीडीच्या संचात मिळतात, मोबाइलवरही सापडतात. त्यामुळे आपल्याला वाटतं, सगळं कुठे ना कुठे असणारच. तसं नसतं. बीबीसीवर १९६३ साली ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी पोरंसोरं आणि घरची मोठी माणसं मिळून ती बघत. तेव्हा चित्रफीत फार महाग होती. कार्यक्रम दाखवून झाला की फीत पुसायची आणि तिच्यावर दुसरा घ्यायचा. घरी व्हिडिओ लावून बघायची सोय अजून आलेली नव्हती. मग जुनं ठेवून करायचं काय, असा विचार. १९७८ च्या सुमारास हे थांबलं, तोवर मालिकेचे कितीतरी भाग गेले होते.

त्याच बीबीसीत ‘ब्लू पीटर’ हा मुलांचा कार्यक्रम होता, १९५८ पासूनचा. १९६५ ते १९८८ बिडी बॅक्स्टर या बाई त्याच्या संपादक होत्या. आपल्या कार्यक्रमाच्या फिती राखायच्याच, असा आग्रह त्यांनी धरला. म्हणून त्या काळातले ‘ब्लू पीटर’चे पुष्कळ भाग आजही आहेत. नोंदी ठेवण्यातही बाई पक्क्या. लहानपणी त्यांनी एनिड ब्लायटन या लेखिकेला दोन पत्रं लिहिली, तर दोन्हींना तेच उत्तर आलं. ते त्यांच्या मनाला लागलं. पुढे पत्र लिहिणाऱ्या मुलांची कार्डं त्यांनी करून ठेवली, म्हणजे दुसऱ्या पत्राला पहिलंच उत्तर जाऊ नये.

आणि ‘डॉक्टर हू’चं काय झालं? मालिका परदेशी विकताना तिच्या फिल्मच्या प्रती पाठवल्या जात. त्यातले नऊ हरवलेले भाग २०१३ साली नायजेरियात सापडले. ते साफसूफ करून आधी इंटरनेटवर विक्रीला आले, मग डीव्हीडीवर. जे भाग अजून मिळाले नाहीत, त्यांचा आवाज मात्र शाबूत आहे. कारण तेव्हाच्या काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो भरून घेतला होता.

म्हणजे बघा, एवढ्या मोठ्या संस्थेनं पुसलं, आणि वाचलं ते एका बाईच्या हट्टामुळे, परदेशी गेलेल्या प्रतींमुळे आणि घरोघरच्या हौशी माणसांमुळे. एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू एकाच निर्णयानं जाते. इंटरनेटवरचंही तसंच. आज दिसतं ते उद्या कुणी काढून टाकलं, तर आपण काय करणार?

म्हणून मैत्रिणींनो, घरातली जुनी डीव्हीडी भंगारात देण्याआधी लावून बघा. तिच्यावर कार्यक्रमाचं नाव, साल, भाषा लिहा. इंटरनेटवर शोधतानाही हीच माहिती कामी येते; नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही प्रकारे टाकून बघा. गावच्या बालवाडीच्या कार्यक्रमाची सीडी असेल, तर तिची प्रत काढून दुसऱ्या घरी ठेवा आणि कुणाकडे ठेवली, ते गटाच्या वहीत लिहा.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.